म्हातारी, चेटकीण आणि कात्रजचा घाट : विनोदी अद्‌भुतकथेतील वृद्ध स्त्रीच्या सामर्थ्याचा विचार

१. प्रास्ताविक

मराठी अद्‌भुतकथेत अलौकिक सामर्थ्य असलेली वृद्ध स्त्री प्रामुख्याने दोन नावांनी वावरते. एक 'म्हातारी' आणि दुसरी 'चेटकीण'. पहिली आपल्याला जवळची वाटते आणि तिच्या करामतीला आपण 'युक्ती' म्हणतो. दुसरी भयप्रद वाटते आणि तिच्या करामतीला आपण 'चेटूक' म्हणतो. दोघीही हास्याला कारण होतात, परंतु पहिलीबरोबर आपण हसतो, तर दुसरीला हसतो. हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचे कारण शोधण्याची गरज सहसा भासत नाही. दोघींच्या सामर्थ्याच्या स्वरूपात खरोखरच काही मूलभूत अंतर आहे काय, की अंतर आहे ते केवळ त्या सामर्थ्याला नाव देणाऱ्याच्या भूमिकेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी भोपळ्यातून प्रवास करणाऱ्या म्हातारीची लोककथा, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आणि रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण ही तीन उदाहरणे मुख्यतः घेतली आहेत. विवेचनाचा आरंभ मात्र कथेतून न करता पुण्याच्या दक्षिणेकडील एका स्थळाशी निगडित वाक्प्रचारातून केला आहे. त्याचे प्रयोजन पुढे स्पष्ट होईल.

२. कात्रजचा घाट : एका कल्पनाबंधाचे नामकरण

'कात्रजचा घाट दाखवणे' म्हणजे समोरच्याला चकवणे, भलत्याच वाटेला लावणे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात मुक्काम ठोकून बसलेल्या शायिस्तेखानावर रात्री छापा घातला. त्यानंतरची हकीकत परंपरेने अशी सांगितली जाते की, पाठलागावर येणाऱ्या मोगली फौजेची दिशाभूल करण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटविण्यात आले. फौज त्या उजेडामागे गेली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. या हकीकतीचा ऐतिहासिक तपशील हा इतिहाससंशोधकांचा प्रांत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, बैलांच्या शिंगांना पलिते बांधण्याची युक्ती कथापरंपरेत एकाकी नाही. इ. स. पू. २१७ मध्ये हॅनिबलने फेबियसच्या रोमन सैन्याला अशाच रीतीने चकविल्याचे वर्णन पॉलिबियस आणि लिव्ही या दोघांनी केले आहे. म्हणजेच, घटनेच्या सत्यासत्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, येथे एक ठसठशीत कल्पनाबंध आहे : संख्येने आणि बळाने दुबळा असलेला पक्ष, हाताशी असलेल्या शेतघरातल्या वस्तूंचा उपयोग करून, बलवंताच्या डोळ्यांनाच त्याचा शत्रू बनवितो.

या कल्पनाबंधाला नाव कोण देतो, हे पाहणे उद्‌बोधक आहे. महाराष्ट्राच्या परंपरेत त्याचे नाव 'गनिमी कावा' असे आहे. त्या शब्दात अभिमान आहे आणि मिस्कील आनंदही आहे. याच प्रसंगाकडे मार खाल्लेल्या पक्षाच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. या छाप्यानंतर मोगल मुलखात शिवाजी हा सैतानाचा अवतार मानला जाऊ लागला, कोणतीही जागा त्याच्यापासून सुरक्षित नाही असा समज पसरला, असे जदुनाथ सरकार यांनी नोंदविले आहे. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या १६६४ च्या पत्रव्यवहारातही, एकाच वेळी इतक्या ठिकाणी दिसणाऱ्या या माणसाला लोकवार्तेने जणू वायुरूप देह आणि पंख बहाल केले आहेत, अशा आशयाचा मजकूर येतो. कृती एकच. ती करणाऱ्याच्या गोटात ती 'कावा' ठरते, आणि जिच्यावर ती झाली त्या गोटात 'जादू'. वृद्ध स्त्रीच्या कथांकडे वळताना हे सूत्र हाताशी ठेवावयाचे आहे.

३. भोपळ्यातली म्हातारी

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची कथा मराठी घरांत बहुधा सर्वांत आधी ऐकविली जाणारी कथा असावी. वाटेत जंगल लागते. वाघ, कोल्हा, अस्वल असे प्राणी (त्यांची नावे आणि क्रम कथनागणिक बदलतात) तिला खाऊ पाहतात. ती प्रत्येकाला सांगते की, आता माझ्यात हाडांखेरीज काही नाही, लेकीकडे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खुशाल खा. परतताना ती भोपळ्यात बसते आणि टुणुक टुणुक उडणाऱ्या त्या भोपळ्याला वाघ म्हातारीचा पत्ता विचारतो. ही कथा केवळ महाराष्ट्राची नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या 'टुनटुनिर बोई' (१९१०) या बंगाली संग्रहात कुबड्या म्हातारीची अशीच कथा आहे. इराणमध्ये 'कदू किल्किलेझन' या नावाने घरंगळणाऱ्या भोपळ्यातली म्हातारी मुलांच्या परिचयाची आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब' असे एक स्वतंत्र कथाप्ररूपच आहे.

या कथेतील विनोदाचे मर्म दोन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे म्हातारी वाघाच्या भुकेशी वाद घालीत नाही. ती भूक मान्य करते, तिला व्यवहाराची भाषा लावते आणि वाघाला मुदतीच्या ठेवीत गुंतविते. संसारात आयुष्यभर उधारउसनवार सांभाळलेल्या बाईचे हे शहाणपण आहे. दुसरे म्हणजे, ज्या भाजीच्या पोटात बिया असावयाच्या तेथे म्हातारी आहे, आणि जो खाणारा तो खाद्यालाच खाद्याचा पत्ता विचारीत आहे. न. चिं. केळकरांपासून मराठी विनोदमीमांसेत विसंगतीचा जो विचार होत आला आहे, त्याला याहून निर्मळ उदाहरण सापडणे कठीण.

आता भोपळ्याकडे पाहू. बोलता क्षणी उडू लागणारा भोपळा हे कोणत्याही व्याख्येने जादूचे वाहन आहे. पाश्चात्त्य चेटकिणीच्या झाडूहून ते तत्त्वतः वेगळे नाही. दोन्ही वस्तू घरातल्याच आहेत, दोन्ही वृद्ध स्त्रीच्या आज्ञेत आहेत. तरीही भोपळ्याच्या संदर्भात 'चेटूक' हा शब्द आपल्या मनातही येत नाही. याचे कारण कथेच्या कथनस्थितीत आहे. ही कथा सांगणारी व्यक्ती परंपरेने आजी असते. तिचे दात पडलेले असतात, तिची लेकही दूर नांदत असते, आणि ऐकणारे नातवंड म्हातारी सुटावी म्हणून जीव मुठीत धरून बसलेले असते. निवेदिका आणि नायिका यांच्यात येथे फारसे अंतर उरत नाही. कात्रजची हकीकत जशी मावळ्यांच्या बाजूने सांगितली जाते, तशी ही कथा म्हातारीच्या बाजूने सांगितली जाते. वाघाचे म्हणणे आपल्यापर्यंत येतच नाही. ते आले असते तर काय आले असते, याची कल्पना करणे अवघड नाही : रानातून एकटी हिंडणारी एक म्हातारी, शब्द देऊन फिरविणारी, भोपळ्यात शिरून अदृश्य होणारी. चेटकिणीची कथा ही बव्हंशी वाघाने सांगितलेली म्हातारीची कथा आहे, असे म्हणता येईल.

४. राजाने धरलेला हात

सोमवारच्या कहाणीत हाच प्रश्न अधिक गंभीरपणे, पण हास्याचा सूर पूर्णपणे न सोडता, उपस्थित होतो. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. तो गावातले सगळे दूध देवळात आणण्याची आज्ञा देतो. लोक भयाने पोरांच्या तोंडचे आणि वासरांच्या वाटचे दूधही आणून ओततात. गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातल्या सर्वांना खाऊपिऊ घालते, लेकरांना आणि वासरांना दूध पाजते, मग उरलेले खुलभर दूध घेऊन दुपारी देवळात जाते. ते वाहताच गाभारा भरून जातो. दुसऱ्या सोमवारी राजा शिपाई बसवितो, तरी शोध लागत नाही. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः पाळत ठेवतो आणि म्हातारीचा हात धरतो.

साऱ्या गावाची सक्तीची दूधवसुली हरते आणि एक वाटी जिंकते, शिपाई पहाऱ्यावर असूनही त्यांना एक म्हातारी दिसत नाही, यातली विसंगती विनोदाचीच आहे. साधनाचे लहानपण आणि फळाचे मोठेपण यांतील प्रमाणभंग हाच भोपळ्याच्या कथेतलाही हास्याचा गाभा होता. वृद्ध स्त्री अदृश्य असते ती मंत्राने नव्हे. तिच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून ती अदृश्य असते. समाजाने तिला दिलेले उपेक्षितपण हेच तिचे अंतर्धानाचे सामर्थ्य ठरते.

परंतु राजा तिचा हात धरतो तो क्षण विशेष लक्षपूर्वक वाचावयास हवा. या क्षणी म्हातारी घाबरते आणि राजा तिला अभय देतो. अभयाची गरज का पडावी? तिने तर पुण्यकृत्य केले आहे. कारण असे की, सर्व गावाला जे जमले नाही ते एकट्या म्हातारीला जमले, आणि तेही दुधाच्या बाबतीत, ही गोष्ट आरोपाच्या अगदी उंबरठ्यावर उभी आहे. राजाने अभय दिले नसते तर कहाणीची म्हातारी तेथेच चेटकीण झाली असती. अभय मिळाल्यावर ती स्वतः बोलते, आपल्या कृतीचा अर्थ स्वतः सांगते. पोरांचा, वासरांचा तळतळाट घेऊन वाहिलेले दूध देवाला पोचत नाही, हे राजालाच सुनावते. कथनाचा अधिकार तिच्याकडे येतो आणि म्हणून तिच्या करणीला 'भक्ती' हे नाव मिळते.

हा तर्क केवळ वाङ्मयीन नाही, याचे प्रत्यंतर एका वेगळ्याच प्रकारच्या संहितेत मिळते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच निघालेल्या अध्यादेशाचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी अधिनियमात रूपांतर झाले. त्याच्या अनुसूचीत ज्या कृत्यांना गुन्हा मानले आहे त्यांत, अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटविते, रोगराई पसरविते, असे भासवून तिचे जगणे असह्य करणे याचा समावेश आहे. कहाणीतल्या म्हातारीने दूध वाढविले. कायद्याला ज्या म्हातारीचे रक्षण करावे लागते तिच्यावर दूध आटविल्याचा आळ आहे. सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, बायकांना 'डाकीण' ठरवून मारहाण करणे, गावाबाहेर घालविणे यांसारख्या प्रकारांविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला दीर्घकाळ काम करावे लागले आहे. 'चेटकीण' हा शब्द म्हणूनच केवळ बालसाहित्यातला निरुपद्रवी शब्द मानता येत नाही. जो शब्द रंगमंचावर टाळ्या मिळवितो तोच अन्यत्र हातात दगड देतो.

५. देवता, शिवी आणि आभाळातली म्हातारी

मराठी भाषेचा संचय पाहिला तर हे नाव देण्याचे राजकारण अनेक थरांवर दिसते. महाभारताच्या सभापर्वात जरा नावाची राक्षसी आहे. नावाचा अर्थच वार्धक्य. जन्मतः दोन शकलांत असलेल्या बालकाला ती सांधते आणि त्याचे नाव जरासंध पडते. आपल्याला मुलाबाळांसह घराच्या भिंतीवर चितारावे, म्हणजे घराची भरभराट होईल, असेही ती राजाला सांगते. श्रावणात घरोघरी लावल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदावर हीच जरा जिवंतिकेच्या जोडीने मुले खेळवीत बसलेली असते. आईने लेकरासाठी पुजली की राक्षसी ही रक्षणकर्ती होते. उलट दिशेचा प्रवास सटवीचा आहे. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिणारी षष्ठी ती सटवाई. तिचेच नाव 'सटवी' म्हणून भांडणात शिवीसारखे फेकले जाते.

म्हणी आणि बोलीतले संकेत आणखी बोलके आहेत. म्हातारीने कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. सूर्योदय आपल्या कोंबड्याच्या हाती आहे असे मानणाऱ्या म्हातारीला येथे हसले आहे. पण तिच्याकडे विश्वव्यापी सामर्थ्य असल्याची शंका कोणालाच आली नसती, तर ते नाकारणारी म्हण घडविण्याचे कारण पडले नसते. मुलांना तर आपण उघडच सांगतो की, ढग गडगडतात तेव्हा आभाळात म्हातारी हरभरे भरडते. वाऱ्यावर तरंगणाऱ्या बोंडाच्या तंतूला 'म्हातारी' म्हणतो, जत्रेतल्या साखरेच्या गुलाबी पुंजक्याला 'म्हातारीचे केस' म्हणतो. मेघगर्जना ही वेदांत इंद्राची आणि घरात म्हातारीच्या जात्याची, हा फरकही विचारात घेण्याजोगा आहे. मुलांच्या भाषेत वृद्ध स्त्रीला आभाळात जागा आहे. प्रौढांच्या भाषेत ती म्हणीपुरती उरते.

पुरुषाच्या बाबतीत अशी ओढाताण कमी दिसते. 'मांत्रिक', 'देवऋषी', 'भगत', 'जादूगार' हे शब्द व्यवसायाचे वाचक आहेत. त्यांत भीती असेल, पण प्रतिष्ठाही आहे. 'चेटकीण' हा शब्द व्यवसाय सांगत नाही, स्वभाव सांगतो.

६. चिंची चेटकीण

रत्नाकर मतकरी (निधन २०२०) यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चिंची ही मराठी बालरंगभूमीवरील बहुधा सर्वाधिक लोकप्रिय चेटकीण होय. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. पिढ्या बदलल्या, तरी प्रेक्षकांच्या स्मरणात नाटकाच्या नायकापेक्षा चिंचीच अधिक ठळक राहिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

चिंचीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. जिला पाहून मुलाने घाबरावे अशी परंपरेची अपेक्षा, तिलाच पाहून मूल खिदळते. भीतीचे हास्यात रूपांतर करण्याचे हे काम बालरंगभूमीने केले आणि ते मोलाचे आहे. चेटकिणीला हसू शकणारे मूल मोठेपणी चेटकिणीच्या अफवेला सहज बळी पडणार नाही, अशी आशा बाळगता येते. तथापि कथनस्थितीचा निकष येथेही लावला पाहिजे. भोपळ्याची कथा वृद्ध स्त्री स्वतः सांगते. चिंची पुरुष लेखकाने लिहिली आहे आणि तिच्या वरील दोन्ही प्रसिद्ध अवतारांत ती पुरुष नटाने साकारली आहे. तिच्यावरील हास्याचा मोठा भाग हा वृद्ध स्त्रीचे सोंग पुरुषाने घेतल्याचा हास्य आहे. तिचा आवाज, तिची चाल, तिचा नखरा यांना आपण हसतो. म्हातारीच्या बुद्धीचे कौतुक आणि म्हातारीच्या देहाची थट्टा, या दोन विनोदप्रकारांची प्रत सारखी नाही. शिवाय चेटकीण एकटी राहते. तिला लेक नाही, तिच्या घरी जाणारी वाट नाही. भोपळ्यातल्या म्हातारीला जो निर्दोषत्वाचा दाखला मिळतो तो लेकीच्या नात्यामुळे. नाते नसलेल्या वृद्धेचे सामर्थ्य संशयास्पद, हे गृहीत चिंचीच्या कथेत हास्याखाली शाबूत राहते.

७. तुलनेसाठी एक इंग्रजी उदाहरण

या गृहीतालाच हात घालणारे उदाहरण म्हणून इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट (निधन २०१५) यांचा विचार करता येतो. 'डिस्कवर्ल्ड' मालेतील 'इक्वल राइट्स' (१९८७) या कादंबरीत ग्रॅनी वेदरवॅक्स ही खेड्यातली वृद्ध चेटकीण प्रथम येते. पुरुष जादूगारांना विद्यापीठ आहे, पदव्या आहेत, भोजनगृह आहे. बायकांची जादू मात्र सुइणीच्या, वैदूच्या आणि मयताच्या कामात विखुरलेली आहे. 'विअर्ड सिस्टर्स' (१९८८) पासून तिच्या जोडीला नॅनी ऑग येते. नॅनी लेकीसुनांच्या गोतावळ्यात राहते, ग्रॅनी एकटी राहते. ग्रॅनीची बरीचशी जादू म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालले आहे याची अचूक जाण. ती स्वतः तिला 'हेडॉलॉजी' म्हणते. खरी जादू येत असूनही ती शक्यतो वापरीत नाही, आणि आपण कधी दुष्ट चेटकीण होऊ की काय, ही धास्ती तिला सतत असते. एकट्या वृद्धेच्या सामर्थ्याचा नैतिक भार तिच्याच दृष्टिकोनातून, विनोदाच्या अंगाने, येथे मांडला गेला आहे. येथे विचारात घेतलेल्या मराठी संहितांत नेमकी हीच जागा रिकामी आहे : एकटी, सामर्थ्यवान, हास्योत्पादक आणि तरीही स्वतःची कथा स्वतः सांगणारी म्हातारी.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, म्हातारीची युक्ती, चेटकिणीचे चेटूक आणि इतिहासातील गनिमी कावा यांच्या मुळाशी असलेली कृती रचनेच्या दृष्टीने एकच आहे : अल्प साधनाने बलवंताच्या नजरेला चकविणे. दुसरी, या कृतीला मिळणारे नाव निवेदक कोणाच्या बाजूला उभा आहे यावर ठरते. तिसरी, विनोद हा या नामकरणात तटस्थ नसतो. तो अभय देऊ शकतो, तसाच आरोपही करू शकतो.

महाविद्यालयीन स्तरावर लोकसाहित्य किंवा बालसाहित्य शिकविताना या कथांचा उल्लेख 'बालमनाला रिझविणाऱ्या' म्हणून एका वाक्यात उरकला जातो. त्याऐवजी विद्यार्थ्यांकडून एक साधा अभ्यास करवून घेता येईल. भोपळ्याची कथा वाघाच्या तोंडून आणि चिंचीची कथा चिंचीच्या तोंडून लिहावयास सांगावे, आणि दोन्हींत कोणती विशेषणे बदलावी लागली त्यांची यादी करावी. त्याचबरोबर घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून या कथांची पाठांतरे, सांगणारीचे वय, ती कोणाजवळ राहते आणि कथेचा शेवट ती कसा करते, या तपशिलांसह नोंदवून घ्यावीत. एकट्या राहणाऱ्या आजीच्या कथनात भोपळा कोठे जाऊन थांबतो, हे अशा संकलनातूनच कळू शकेल.